न खेळल्याचा दाखला

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मल्हाररंग मराठी वाहिनी,
मुंबई.

अर्जदार : सौ. शोभा त्र्यंबक पोतनीस,
मूळ राहणार मिरज. सध्या मुक्काम लेकीकडे, प्लेनो, टेक्सस, अमेरिका.

विषय : अर्जदार १९७८ सालच्या आंतरराज्य खो-खो अजिंक्यपद स्पर्धेत खेळली नव्हती, असा दाखला मिळणेबाबत, तसेच सदर स्पर्धेत तिने केलेला फाऊल मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या वाहिनीवरील चरित्रमालिका 'पुन्हा अध्यक्ष', भाग सहावा.
२) अर्जदाराने आपल्या कार्यालयास केलेला फोन, ज्यात बराच वेळ सनई ऐकवण्यात आली.
३) त्यानंतर आलेली आपली ईमेल, ज्यात अर्जदाराच्या प्रेमाबद्दल आभार मानले आहेत.

महोदय किंवा महोदया (आपण कोण ते फोनवर सांगितले गेले नाही, सबब दोन्ही),

सातासमुद्रापलीकडून सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही आपल्या मालिकेचे नायक श्री. त्र्यंबकराव पोतनीस यांची पत्नी होय. यजमान मध्य महाराष्ट्र हौशी खो-खो महामंडळाचे आधी सहचिटणीस, मग चिटणीस, आणि पुढे कोणी उठवेपर्यंत अध्यक्ष होते. मालिकेत त्यांना 'वादग्रस्त' म्हटले आहे, त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. उलट आपण फार हात राखून दाखवले आहे. राज्य अजिंक्यपदाचे मैदान त्यांनी एस.टी. न जाणाऱ्या स्वतःच्या गावी हलवले, हे खरे आहे. चौकशी समिती यायच्या आदल्या रात्री महामंडळाचे जुने दप्तर वाळवीने खाल्ले, हेही खरे आहे, फक्त ती वाळवी इतर कुठल्याच कपाटात शिरली नाही हे दाखवायचे आपण विसरलात. अर्जदाराच्या सख्ख्या भावाला त्यांनी संघाचा हवामान निरीक्षक म्हणून काठमांडूला नेले होते. सामने बंदिस्त सभागृहात होते. हा प्रसंग मालिकेत नाही, तरी अर्जदाराने तो मनाला लावून घेतलेला नाही.

२. तक्रार आहे ती सहाव्या भागाची. त्यात दाखवले आहे की, नुकताच साखरपुडा झालेली तरुण शोभा ही उत्कृष्ट खेळाडू असून, निवड समिती तिला डावलू पाहते. तेव्हा सहचिटणीस त्र्यंबकराव टेबलावर मूठ आपटून 'गुणवत्तेला नातं नसतं' असे म्हणतात. शोभा इंदूरला जाते. अंतिम सामन्यात शेवटचा गडी बाद करते. गळ्यात सुवर्णपदक पडते, केस वाऱ्यावर उडतात आणि प्रेक्षकांत उभे असलेले त्र्यंबकराव डोळे पुसतात. हे सर्व अतिशय सुंदर चित्रित झाले आहे. यातले काहीही घडलेले नाही.

३. घडले ते असे. अर्जदार तेव्हा चांगली खेळत असे. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण अर्जामध्ये वस्तुस्थिती नमूद करावी लागते. संघाच्या यादीत अर्जदाराचे नाव पहिले होते. यादी सहीसाठी सहचिटणिसांकडे गेली. त्यांनी अर्जदाराचे नाव स्वतःच्या हाताने खोडले आणि त्या जागी खजिनदारांची भाची कु. उल्का हिचे घातले. होणाऱ्या बायकोला घेतले असते तर लोकांनी नावे ठेवली असती, असे त्यांचे म्हणणे. अर्जदाराला हे व्यायामशाळेच्या फळ्यावर लावलेली यादी वाचून कळले. ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वर वाचली, आणि घरी येऊन धुणे वाळत घातले. तो संघ उपांत्य फेरीत हरला, कारण उल्काताई खो मिळायच्या आधीच उठत होत्या. त्यांच्याविषयी राग नाही. त्यांना खेळायचे नव्हतेच, त्यांना मामांनी पाठवले होते, आणि त्या मैदानातच रडल्या असे नंतर समजले.

अर्जदाराने लग्नानंतर एकदा विचारले होते. यजमान म्हणाले, "लोक काय म्हणाले असते?" त्यानंतरच्या संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी हा प्रश्न स्वतःला पुन्हा विचारल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात नाही. भाऊ, भाचे, व्याही, व्याह्यांचे शेजारी, सगळ्यांना त्यांनी कुठे ना कुठे चिकटवले. आयुष्यात एकदाच त्यांनी वशिला लावला नाही, आणि तो नेमका जिला वशिल्याची गरज नव्हती तिच्या बाबतीत.

४. आता हा प्रसंग मालिकेत शिरला कसा, हे आपण विचाराल. आपल्या लेखकांनी पटकथा मंजुरीसाठी यजमानांकडे पाठवली होती. यजमानांनी प्रत्येक पानावर 'मान्य' लिहून सही केली. यजमान कागद वाचत नाहीत. महामंडळात कारकून कागद पुढे सरकवी, अंगठ्याने जागा दाखवी, आणि हे दुसऱ्याशीच बोलत बोलत सही ठोकीत. तीच सवय अमेरिकेत आली आहे. शेजाऱ्यांची पार्सले ते सही करून घेतात, नात रुहीच्या शाळेच्या फॉर्मवर सह्या करतात. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका बाईंनी आमच्या कुंपणाविरुद्ध तक्रारअर्ज फिरवला, त्यावर पहिली सही यजमानांची आहे. तेव्हा आपल्या लेखकांना अर्जदार दोष देत नाही. त्यांना प्रेमप्रसंग हवा होता, तो त्यांनी लिहिला, आणि ज्यांनी अडवायचे त्यांनी 'मान्य' लिहिले.

५. खरी अडचण पुढे झाली. प्रसंग टीव्हीवर पाहिला आणि यजमानांना तो आवडला. सुरुवातीला ते नुसतेच गालात हसत. मग ओळखीच्यांचे फोन येऊ लागले, तेव्हा 'हो, जरा भांडावं लागलं' असे म्हणू लागले. नवरात्रात एका घरी जेवायला गेलो, तिथे त्यांनी मूठ प्रत्यक्ष आपटून दाखवली आणि काकडीची कोशिंबीर सांडली. दसऱ्यापर्यंत त्या गोष्टीत त्यांनी राजीनामाही खिशातून काढलेला होता. अर्जदाराने गाडीत हळूच आठवण करून दिली की, असे काही झाले नव्हते. ते म्हणाले की, तुझा स्वभावच मोठेपणा न घेण्याचा. ते थट्टा करीत नव्हते, महोदय किंवा महोदया, त्यांना खरेच तसे आठवू लागले आहे. लेक नीलांबरी गाडी चालवीत होती, तिने आरशातून आईकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने विसराळूपणावर कोणा डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. ती यजमानांसाठी असेल असे वाटले होते. अर्जदारासाठी निघाली.

डॉक्टर मोठे सज्जन. त्यांनी घड्याळ काढायला सांगितले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते सगळे अर्जदाराला जमले. शेवटी जावई अनीश यांनी इंग्रजीत सांगितले की, बाकी सगळे ठीक आहे, फक्त गोल्ड मेडल मिळाल्याचे त्यांना आठवत नाही. डॉक्टरांनी तेवढे लिहून घेतले आहे.

६. येथील महाराष्ट्र मंडळाने नोव्हेंबरात पार्कमध्ये सहल काढली. मंडळाच्या राधिकाताईंनी मुलांसाठी खो-खो ठेवला आणि उद्घाटनाला 'गोल्ड मेडलिस्ट शोभाकाकू' असा फलक लावला. अर्जदाराने नाही म्हणून पाहिले. यजमानांनी 'येईल' असे लिहून सही दिली होती. ठीक आहे म्हटले, निदान मुलांना खेळ तरी नीट शिकवू. अर्जदाराच्या गळ्यात शिट्टी घातली.

येथे आपल्या मालिकेतील फाऊलचा मुद्दा येतो, तो कृपया लक्षपूर्वक वाचावा. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा एका खांबाच्या दिशेने पाऊल टाकले की, तो खांब गाठल्याशिवाय तिला उलटे फिरता येत नाही. फिरली तर फाऊल. हा नियम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. मालिकेत शोभाचे काम करणारी नटी खांबाकडे धावते, मध्येच केस उडवीत गर्रकन वळते, जी ओलांडायची नसते ती मध्यपाटीही ओलांडून पलीकडे जाते आणि पळणारीला पाठीमागून धरते. म्हणजे एका दमात दोन फाऊल. पंच शिट्टी तर वाजवीत नाहीच, टाळ्या वाजवतो. अर्जदार स्पर्धेत खेळली नाही, हे तिने सोसले. पण न खेळलेली फायनल तिने फाऊल करून जिंकली, हे सोसवत नाही.

पार्कमध्ये काय व्हावे? मुलांच्या आईवडिलांनी तो प्रसंग यूट्यूबवर दाखवून मुलांना घरीच तयार करून आणले होते. झाडून सगळी मुले अर्ध्यात वळू लागली, मुली तर केसही उडवू लागल्या. अर्जदार शिट्टी वाजवून वाजवून थकली. एका मुलाचे वडील सत्यजित, जवळच्याच कंपनीत मॅनेजर आहेत, ते फोनवर प्रसंग लावून जवळ आले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, हे ॲक्चुअली लीगल आहे. तुम्हीच असं खेळला होतात." बाजूच्या लोकांनी मान डोलावली. यजमान खुर्चीवर बसून भजी खात होते, त्यांनीही डोलावली. अर्जदाराने शिट्टी गळ्यातून काढून राधिकाताईंच्या हाती दिली.

७. यानंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयाला फोन केला. सनई संपल्यावर एक मुलगी बोलली, अतिशय गोड होती. ती म्हणाली, "मॅम, तुमचाच सीन सगळ्यात जास्त चालतोय, तो कसा काढणार?" मग तिने कोणाला तरी विचारून सांगितले की, अर्जदार खेळली नव्हती याचा पुरावा द्यावा, आणि चरित्रनायकांची ना-हरकत जोडावी. आता खेळल्याचे प्रमाणपत्र असते, पदक असते, वर्तमानपत्रात फोटो असतो. न खेळल्याचे काय असते? महामंडळाच्या दप्तरात ती खोडलेली यादी होती, पण ते दप्तर वाळवीने खाल्ले, हे आपणच नवव्या भागात दाखवले आहे. उल्काताई आता कुठे असतात ते माहीत नाही. नाव खोडणारे हात तेवढे या घरात आहेत, आणि ते नवरात्रापासून कोशिंबिरीवर आपटत आहेत.

८. इतके होऊनही अर्जदाराने अर्ज केला नसता. लोक गोड बोलतात, बसायला खुर्ची देतात, या वयात आणखी काय हवे, अशी मनाची समजूत घातली होती. परंतु थँक्सगिव्हिंगनंतर जे घडले त्यामुळे हा कागद लिहायला बसावे लागले.

अर्जदाराची नात रुही यंदा हायस्कूलला गेली. सॉकर खेळते, पाय फार चपळ आहेत, ते कोणाकडून आले हे अर्जदाराला कळते. शाळेच्या टीमची निवड होती. त्यासाठी ती सबंध उन्हाळा घरामागच्या अंगणात, प्लेनोच्या त्या उन्हात, कचऱ्याचे दोन डबे मांडून त्यांच्यामधून चेंडू काढत होती. यादी फोनवर आली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वर वाचली. हे अर्जदाराने स्वयंपाकघरातून पाहिले आणि तिला कळून चुकले. रुही वर गेली आणि दार लावले.

नीलांबरी वर जाऊन आली, अनीश जाऊन आले. दोघांनीही पुढच्या वर्षाचे सांगितले. मग अर्जदार गेली. या घरात, कदाचित या सबंध गल्लीत, यादीत आपले नाव नसणे म्हणजे काय हे नेमके जाणणारे एकच माणूस आहे, आणि ते त्या दाराशी उभे होते. अर्जदार पलंगाच्या कडेला बसून एवढेच म्हणाली की, मला माहीत आहे गं, कसं वाटतं ते. रुहीने भिंतीकडे तोंड केले. "नो, आजी. यू डोन्ट. यू वॉन."

अर्जदाराने सांगायचा प्रयत्न केला. रुहीने ते ऐकून घेतले, आणि डॉक्टरांकडून आल्यापासून घरातले सगळे अर्जदाराशी ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात 'ओके, आजी' म्हणाली. त्या पोरीने शाळेत आपल्या आजीच्या सुवर्णपदकावर निबंध लिहिला आहे. तिच्या लेखी अर्जदार म्हणजे जिंकलेल्यांपैकी एक. आणि जिंकलेल्या माणसाने धीर दिला तर तो हरलेल्याला टोचतो, हे अर्जदार स्वतःच्या अनुभवाने जाणते. अर्जदाराला फार वाईट वाटले. नुसते वाईट नव्हे, आपल्या वाहिनीवर रागही आला, म्हणून तो येथे नोंदवून ठेवत आहे.

९. सबब विनंती की,

(अ) अर्जदार १९७८ साली इंदूर येथे खेळली नाही, राखीव खेळाडू म्हणूनही गेली नाही, व तिला कोणतेही पदक मिळालेले नाही, असा दाखला वाहिनीच्या शिक्क्यानिशी द्यावा. तो शक्यतो इंग्रजीत असावा, म्हणजे रुहीला वाचता येईल, आणि डॉक्टरांनाही एक प्रत देता येईल.

(आ) प्रसंग काढणे शक्य नसल्यास निदान पंचाची शिट्टी तरी वाजवावी. आवाज नंतर घालता येतो असे अनीश यांनी सांगितले आहे.

अर्जदार आजवर कोणत्याही कार्यालयाकडे स्वतःसाठी काही मागायला गेलेली नाही. अध्यक्षांच्या घरात राहून हे सोपे नव्हते, याचा सहानुभूतीने विचार व्हावा.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र आणि संघात नसलेली,
शोभा त्र्यंबक पोतनीस
प्लेनो, ८ डिसेंबर

सोबत : १) अर्जदाराचा खेळाच्या पोशाखातील फोटो (शाळेच्या मैदानावरचा, इंदूरचा नव्हे).
२) फाऊल कसा होतो याची आकृती, दोन रंगांत.
३) चरित्रनायकांचे ना-हरकतीचे पान, सहीसाठी जागा सोडून.

(जोडपत्र क्र. ३)

'वरील अर्जास माझी हरकत नाही.'

शेरा : अर्ज वाचला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोनदा. आकृती पाहिली. फाऊल आहे.

इंदूर संघाच्या यादीतील कु. शोभा इनामदार यांचे नाव निम्नस्वाक्षरीकाराने खोडले. त्या इंदूरला गेल्या नाहीत. त्या संघात सर्वांत चांगल्या होत्या. नाव खोडताना जड गेले असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. सहज खोडले. आज जड जाते आहे.

मूठ आपटली नव्हती.

वाचून सही केली असे.
त्र्यं. ना. पोतनीस

ता.क. : जोडपत्र क्र. ३ अर्जदाराने नेहमीप्रमाणे अंगठ्याने जागा दाखवून यजमानांपुढे ठेवले होते. सही तत्काळ होईल आणि दुपारच्या टपालाने अर्ज जाईल अशी खात्री होती. यजमानांनी पेन उचलले, आणि काय झाले कोण जाणे, चष्मा मागितला. कदाचित फोटोमुळे असेल, तो वरच टाचला होता. मग सगळे कागद घेऊन ते मागच्या अंगणात जाऊन बसले. चहा नेऊन दिला तो तसाच राहिला. या कारणाने अर्ज पाठवण्यास विलंब झाला, क्षमस्व.

अंगणातून ते सरळ जिना चढून रुहीकडे गेले. गुडघ्यांमुळे ते एरवी वर जात नाहीत. रुहीला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा शेरा तिला वाचून दाखवला आणि ओळ न् ओळ इंग्रजीत सांगितली. अर्जदार दाराशी उभी होती. रुहीने विचारले, "बट व्हाय, आजोबा?" आठ निवडणुका आणि एक चौकशी समिती पचवलेल्या या गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आय वॉज अफ्रेड. ऑफ पीपल."

रुहीने अर्जदाराकडे पाहिले, चांगले न्याहाळून पाहिले, आणि भिंतीकडे सरकून पलंगावर जागा केली. "सो दे कट यू टू," ती म्हणाली. अर्जदार जाऊन बसली, आणि फळ्यावरच्या यादीपासून सगळे सांगितले, धुण्यासकट. धुण्याचे ऐकून रुही रडली, आणि मग दोघींनाही हसू आले.

सबब मागणी (अ) मागे घेण्यात येत आहे. दाखला मिळाला.

मागणी (आ) कायम आहे. रुही सध्या त्याच दोन डब्यांचे खांब करून खो-खो शिकते आहे, काल तिने अर्ध्यातच वळायचा प्रयत्न केला, तेव्हा अर्जदाराने शिट्टी वाजवली. यजमान खुर्चीवरून ओरडले की, फाऊल. तरी आपल्या पंचानेही ती वाजवावी, ही पुनश्च विनंती.